चंदेरी रंग आणि खरा धातू

शाळेचे प्रदर्शन भरले आणि त्यात विमानाची प्रतिकृती नाही, असे क्वचितच घडते. कोणी ती पुठ्ठ्याची करतो, कोणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, कोणी बाजारातून प्लॅस्टिकच्या भागांची पेटी आणून जोडतो. आकार पुष्कळदा चांगला साधलेला असतो. मग शेवटच्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी रंगाचा डबा येतो आणि नाकापासून शेपटीपर्यंत साऱ्या विमानावर एकच हात फिरतो. झाले विमान! पाहणारे म्हणतात, "छान चकाकतंय की!" पण ज्याने धातूचे खरे विमान जवळून पाहिले आहे, त्याच्या मनाला ते पटत नाही. कोठेतरी चुकते आहे असे त्याला वाटते. नेमके काय चुकते, ते आज पाहू. ते पाहायचे तर विमानाच्या कातडीचा शंभर वर्षांचा इतिहास थोडासा उलगडावा लागेल.

मुद्दा एवढाच आहे, की धातूची चकाकी ही माहिती असते. धातू कोणता, पत्रा कोणत्या दिशेने लाटलेला, कोणता भाग तापतो, कोणता तुकडा मागाहून बदलला, विमान उन्हापावसात किती उभे राहिले, हे सगळे त्या चकाकीत लिहिलेले असते. चंदेरी रंगाचा एकच हात ते सगळे पुसून टाकतो.

पहिली गोष्ट ही, की सुरुवातीची विमाने धातूची नव्हतीच. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, आणि कापड घट्ट व्हावे म्हणून त्यावर दिलेले रोगण, अशी ती असत. उन्हाने कापड कुजू नये म्हणून त्या रोगणात पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची भुकटी मिसळत. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतली कितीतरी विमाने चंदेरी दिसतात. पण ती चंदेरी कापडाची आहे, धातूची नव्हे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले, ते पस मॉथ विमानही पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेलेच होते. अशा कापडी विमानाची प्रतिकृती आरशासारखी चकचकीत केली, तर ती दिसेल सुंदर, पण इतिहासाला धरून होणार नाही.

मग धातू आला कसा? अ‍ॅल्युमिनियम हे नाव आपल्याकडे शहरी आहे. खेड्यातल्या स्वयंपाकघरात आजही पुष्कळ ठिकाणी त्याला 'जर्मनचे भांडे' म्हणतात. हे नाव कसेही पडलेले असो, पण योग असा, की विमानाला लागणारा मजबूत अ‍ॅल्युमिनियम खरोखरच जर्मनीत जन्मला. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ. जर्मनचे पातेले आपटले की पोचा येतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. १९०६ साली आल्फ्रेड विल्म या धातुशास्त्रज्ञाने अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि अगदी थोडे मॅग्नेशियम मिसळले, तो मिश्रधातू तापवून पाण्यात बुडवला आणि ठेवून दिला. काही दिवसांनी पाहतो तो धातू आपोआप पुष्कळ कडक झालेला! ड्यूरेन गावच्या कारखान्यात तो तयार होऊ लागला, म्हणून त्याचे नाव ड्युरॅल्युमिन. त्यानंतर युंकर्स यांनी १९१५ साली पोलादी पत्र्याचे आणि १९१९ साली ड्युरॅल्युमिनचे प्रवासी विमान उडवून दाखवले.

पण ड्युरॅल्युमिनला एक खोड होती. तांबे मिसळल्यामुळे ते दमट, खाऱ्या हवेत लवकर खराब होई. यावर १९२७ च्या सुमारास अमेरिकेत जो उपाय निघाला, तो आपल्या कल्हईवाल्याला ऐकताक्षणी समजेल. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई. तसाच मजबूत पण नाजूक प्रकृतीच्या ड्युरॅल्युमिनच्या पत्र्यावर, दोन्ही बाजूंनी, शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसवण्यात आला. आतला पत्रा भार सोसतो, वरचा थर हवा सोसतो. विमानाची जी चकाकी आपल्याला दिसते, ती या वरच्या थराची. फरक एवढाच, की आपली कल्हई पुन्हा करता येते आणि हा थर घासून गेला की गेला. विमान फार घासून उजळवू नये, याचे कारण हेच.

आता लक्षात घ्या, विमानाचा प्रत्येक भाग अशा पत्र्याचा नसतो. ओतीव भाग वेगळे, पोलादी भाग वेगळे, धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या वेगळ्या. म्हणजे एकाच विमानावर चार-पाच तऱ्हेच्या चकाक्या शेजारी शेजारी नांदत असतात.

हा इतिहास दूरदेशीचा वाटेल, पण त्याचे एक दार आमच्या विश्रामबागेतच आहे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या या वस्तीत १९४७ साली धोंडूमामा साठे यांच्या खटपटीने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९५५ पासून त्याला शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव आहे. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले हे वालचंद शेठ साखर कारखाना, जहाजे आणि मोटारी या धंद्यांसाठी आपल्याला माहीत आहेत. पण भारतातला पहिला विमानाचा कारखानाही त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. १९३९ साली प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यापाऱ्याशी गाठ पडली, बोलणे झाले, म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिले, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ साली तेथे हार्लो हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान जुळवून उडवले. तेही धातूच्या कातडीचे होते. १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत सरकारने कारखान्याचा कारभार आपल्या हाती घेतला आणि वालचंद शेठ त्यातून बाजूला झाले. म्हणजे आपल्या कारागिरांचा हात विमानाच्या पत्र्याला मोठ्या प्रमाणावर लागला, तो या सोलापूरच्या माणसाच्या उद्योगामुळे.

आणि केवळ पत्रा जोडण्यावर आपण थांबलो नाही. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आले आणि बंगळूरच्या कारखान्यात विमानाचा आराखडा करू लागले. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेले एच. टी. २ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. आपल्या देशातील शाळेने प्रतिकृती करायची, तर या विमानाइतका मानाचा विषय दुसरा कोणता?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने लपावीत म्हणून त्यांना हिरवे, मातकट, करडे रंग देत. पण १९४३ संपता संपता अमेरिकेच्या सैन्याने बहुतेक लढाऊ विमानांना रंग देणे बंद केले. शत्रूचे विमानदल दुबळे झाले होते, लपण्याची गरज उरली नव्हती. रंगाचे वजन वाचले, कामगारांचे तास वाचले. तेव्हापासून उघड्या धातूची विमाने आकाशात दिसू लागली. त्यांत चार इंजिनांची लिबरेटर नावाची प्रचंड बॉम्बफेकी विमाने होती. युद्ध संपल्यावर अशी कित्येक लिबरेटर कानपूरला पडून राहिली. ती पुन्हा उडू नयेत अशा बेताने त्यांची मोडतोड करून ठेवलेली होती. बंगळूरच्या कारखान्यातल्या माणसांनी ती पाहिली, एकाचा भाग दुसऱ्याला लावून कशीबशी उडण्याजोगी केली, बंगळूरला नेली आणि नीट बांधून काढली. नोव्हेंबर १९४८ पासून ती भारतीय हवाई दलात दाखल झाली आणि १९६८ पर्यंत चालली. त्यांतली काही आज ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या संग्रहालयांत आहेत. जगाने भंगार म्हणून सोडलेली वस्तू आपण वीस वर्षे वापरली आणि वर परदेशाला जपून ठेवायला दिली! अशा विमानाच्या अंगावर एकाचा पत्रा उजळ आणि शेजारचा काळपट दिसला, तर तो दोष समजू नका. ते ठिगळ म्हणजे आपल्या कारागिराची सही आहे.

याच्या पुढचा अध्याय महाराष्ट्रातला. १९६३ साली मिग-२१ हे आवाजापेक्षा जलद उडणारे विमान आपल्या हवाई दलात आले आणि त्याचा सांगाडा बनवण्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला १९६४ साली उभा राहिला. त्या सुरुवातीच्या काळातली मिग विमाने उघड्या धातूची होती. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांतल्या पुष्कळांवर हिरवा-मातकट रंग चढला. ठिकठिकाणी हाताशी असेल तो रंग वापरून हे काम झाल्यामुळे सगळी विमाने एकसारखीही दिसत नसत. म्हणून 'मिग-२१ चा रंग कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या सालचे?' हे आधी विचारले पाहिजे. आणखी एक गंमत पाहा. मिगच्या नाकाचा शंकू धातूचा नसतो, कारण त्याच्या आत रडार असते आणि रडारच्या लहरी धातूतून जात नाहीत. ज्या मुलाने शंकूलाही चंदेरी रंग फासला, त्याने नकळत विमानाचे डोळे बांधले! २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून समारंभाने निवृत्त झाले.

आता प्रतिकृतीकडे वळू. १९४२ साली अमेरिकेने आपल्या शाळांतील मुलांना पाच लाख लहान विमाने करायला सांगितली होती. सैनिकांनी आकाशातले विमान आपले की परके हे ओळखायला शिकावे, हा हेतू. ती सगळी काळ्या रंगाची होती, कारण तेथे नुसत्या आकृतीशी काम होते. प्रमाण होते ७२ ला १. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट प्रतिकृतीत एक इंच. आजही हेच प्रमाण फार वापरात आहे. आकृतीवरून विमानाची जात कळते. पण त्याचे चरित्र कळायला कातडी हवी.

आणि येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. या प्रमाणात रंगाचा पाव मिलिमीटर जाडीचा ओघळ राहिला, तर खऱ्या विमानावर तो १८ मिलिमीटरचा उंचवटा होईल, बोटभर जाडीचा! ब्रशाने ओढलेल्या चंदेरी रंगाच्या रेघा आणि त्यातले चमकणारे कण म्हणूनच खोटे वाटतात. उलट भाकरी-पोळी गुंडाळायला जो अ‍ॅल्युमिनियमचा कागद मिळतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या शेकडाव्या भागाच्या आसपास असते. ती १५ हजारांश मिलिमीटर धरली, तर ७२ ने गुणून मिलिमीटरहून किंचित अधिक येते. खऱ्या विमानाचा पत्राही कित्येक ठिकाणी साधारण तेवढाच जाड असतो. म्हणजे स्वयंपाकघरातला कागद हा प्रतिकृतीसाठी जवळजवळ मापाचा पत्रा आहे, आणि धातूही तोच!

तो चढवायची रीत आपल्याला नवी नाही. ताबुतांवर आणि मखरांवर बेगड चिकटवणारे, मिठाईवर वर्ख लावणारे हात हेच काम करीत आले आहेत. पहिले काम पृष्ठभागाचे. लाकूड असेल तर लांबी भरून त्याचे रेषे बुजवा, वाळू द्या, आणि आधी जाड व मग बारीक काचकागदाने घासा. बोट फिरवले की काच वाटली पाहिजे. कारण धातू काहीही झाकत नाही, उलट खालचा प्रत्येक ओरखडा मोठा करून दाखवतो. मग पंक्चर काढायच्या रबर सोल्यूशनचा अगदी पातळ हात द्या, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, आणि कागदाचा तुकडा ठेवून मधून कडेकडे मऊ फडक्याने दाबत न्या. सबंध विमान एका तुकड्यात गुंडाळू नका. खऱ्या विमानाचा पत्रा जसा तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असतो, तसेच छायाचित्र समोर ठेवून तुकडे कापा. जोडाच्या रेघा बोथट सुईने ओढा.

येथे शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. एकाच कागदाचे दोन चौकोन कापा, दोन्ही फडक्याने एकाच दिशेने हलके घासा, आणि एक उभा, एक आडवा असे शेजारी चिकटवा. खिडकीशी नेऊन थोडे फिरवा. एक उजळ दिसेल, दुसरा काळपट. आणखी फिरवले की उलट होईल. धातू एक, पण घासाची दिशा वेगळी, म्हणून प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परततो. विमानाच्या अंगावर चौकटी चौकटी का दिसतात, याचे निम्मे उत्तर या दोन चौकोनांत आहे. काही तुकडे निस्तेज हवे असतील तर ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा. जर्मनच्या पातेल्याची झिलई सोड्याने जाते, तीच क्रिया ही. हे काम मात्र शिक्षकांच्या देखत व्हावे.

ज्यांना रंगानेच करायचे आहे, त्यांनी खाली चकचकीत काळ्या रंगाचे अस्तर द्यावे. ते पूर्ण वाळले की धातूचा रंग फवाऱ्याने अतिशय पातळ, दोन-तीन हातांत चढवावा. काळ्या अस्तरामुळे चंदेरीला खोली येते. आरशाच्या मागे लेप लागतो तसा काहीसा प्रकार. मग काही चौकटी चिकटपट्टीने झाकून उरलेल्यांवर किंचित गडद हात द्यावा. शिसपेन्सिलीची बारीक पूड बोटाने चोळली तर पोलादासारखी काळसर झाक येते. ही सर्वांत स्वस्त युक्ती, आणि सर्वांत चांगलीही.

तापलेल्या भागांसाठी गावच्या लोहाराला विचारा. विळ्याला पाणी देताना तो धातूच्या रंगाकडे पाहत असतो. साधे पोलाद २२०-२३० अंशांच्या आसपास गवती पिवळे दिसते, पुढे तांबूस-जांभळे होते, आणि ३०० च्या सुमारास निळे. पृष्ठभागावर गंजाचा जो अतिशय पातळ पापुद्रा येतो, त्याच्या जाडीप्रमाणे हे रंग बदलतात. विमानाच्या धुराच्या नळ्यांवर आणि जेट विमानाच्या शेपटीकडच्या भागावर असेच पट्टे उमटतात. प्रतिकृतीवर ते पिवळट तपकिरी आणि निळ्या रंगाच्या अगदी पाणीदार हाताने दाखवता येतात. हात मात्र आवरता हवा. काजळी, तेलाचे डाग आणि धूळ जेथे खरोखर बसते तेथेच दाखवावी. सगळीकडे फासली की विमान चुलीतून काढल्यासारखे दिसते.

आपल्या मराठी मुलखाला ही दृष्टी परकी नाही. सावंतवाडीचे कारागीर लाकडाची फळे करतात, ती हातात घेईपर्यंत खरी वाटतात. कारण काय? आंबा ते नुसता पिवळा रंगवत नाहीत. देठाशी हिरवट, उन्हाच्या अंगाला तांबूस, मध्येच एखादा ठिपका. त्यांनी आंबा पाहिलेला असतो. हुपरीच्या चांदीच्या कारागिराला विचारा, एकाच दागिन्यात कोठे झळाळी ठेवायची आणि कोठे मंद पोत, हे तो तुम्हाला दाखवील. प्रतिकृती करणाऱ्याने त्यांच्याकडून घ्यायचे ते हेच.

कोणी म्हणेल, मुलांच्या खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर असे, की विमाने फार काळ टिकत नाहीत. काम संपले की बहुतेकांचे तुकडे होतात, धातू वितळतो, आणि उद्या त्याचीच पातेली होतात. थोडी संग्रहालयात जातात, काही चौकात खांबावर चढतात. पण तेथेही त्यांना वारंवार नवे रंग लागतात आणि मूळ कातडी खाली गडप होते. कानपूरहून आणलेल्या लिबरेटरचे ठिगळ, ओझरच्या पहिल्या मिगचा उघडा पत्रा, युद्धाच्या घाईत मारलेला रंग, हे सारे शेवटी छायाचित्रांत आणि प्रामाणिकपणे केलेल्या प्रतिकृतींत तेवढे उरते. खोट्या चकाकीची प्रतिकृती पुढच्या पिढीला खोटीच माहिती देईल.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना. पुढच्या प्रदर्शनात विमान ठेवाल, तेव्हा त्याच्याशेजारी मुलाच्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठीही ठेवा. विमान कोणते, कोणत्या सालचे, कोठे बांधलेले, हा पत्रा उजळ का आणि तो काळपट का, नाक चंदेरी का नाही, एवढी पाच-सहा वाक्ये पुरेत. ज्या मुलाला ती लिहिता आली, त्याने विमान नुसते रंगवलेले नाही. त्याचा इतिहास वाचला आहे. मग चिकटवताना एखादा कोपरा दुमडला असला, तरी गुण कापू नका.